पीटी असली की त्याचा गुडघा दुखतो

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"माझा मुलगा साडेअकरा वर्षांचा आहे. उंची १४५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. आधीपासूनच अंगाने भरलेला, पण गेल्या दोन वर्षांत वजन फारच वाढलं. आठवड्यातून दोनदा पीटीचा तास असतो आणि त्या दिवशी सकाळी हमखास काहीतरी दुखतं. आधी पोट दुखायचं, आता दीड महिन्यापासून उजवा गुडघा. मागच्या महिन्यात पीटीच्या सरांनी सगळ्या वर्गाची वजनं घेतली. सर आकडा मोठ्याने सांगत होते आणि एक मुलगा तो वहीत लिहीत होता. त्या दिवसापासून वर्गातली मुलं ह्याला नावाने हाक मारत नाहीत, 'अठ्ठावन्न' म्हणतात. मैदानाला फेऱ्या मारताना तो शेवटी राहतो. मग सर म्हणतात, तुलाच सगळ्यात जास्त गरज आहे, आणि आणखी एक फेरी मारायला लावतात. ह्यांचं म्हणणं, सर योग्य तेच करतायत. ते स्वतः लहानपणी जाड होते आणि पळून पळूनच बारीक झाले. माझी मैत्रीण म्हणते, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आण आणि पीटीतून कायमची सूट घे. मला दोघांचंही पटत नाही आणि तिसरं काही सुचतही नाही. रात्री तो झोपला की मी त्याच्याकडे बघत बसते. काय करू?

– एक आई"

प्रिय ताई,

पत्रात गुडघ्याचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो, पण मी तिथूनच सुरू करणार आहे. बाकीचं सगळं चार दिवस थांबेल. हे थांबणार नाही.

मी डॉक्टर नाही. एकवीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. त्या काळात 'पीटीच्या दिवशी दुखतं' म्हणजे बहाणा, असं मीही धरून चालायचे. पण साधारण दहा ते पंधरा या वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये, एक दुखणं असं असतं की ते खुब्यात असतं आणि जाणवतं गुडघ्यात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा आणि खालचं हाड यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते. वाढीच्या वयात ती कच्ची असते, आणि वजनाचा ताण सततचा झाला की तिथून हाड हळूहळू सरकू शकतं. मूल मांडीला किंवा गुडघ्याला हात लावून दाखवतं, म्हणून एक्स-रेही गुडघ्याचा निघतो. तो चांगला येतो आणि सगळे म्हणतात, 'बघ, काही नाहीये.' दरम्यान वर खुब्यात हाड सरकत राहतं.

तुमच्या मुलाला हेच झालंय असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण दीड महिना, एकाच बाजूचा गुडघा, हे वय आणि हे वजन, एवढं पाहिल्यावर या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि 'खुब्याचंही बघाल का' असं स्वतःहून विचारा. त्याला अनवाणी चालायला लावून मागून बघा. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतोय का? किंचित लंगडतोय का? तसं दिसलं तर त्याच दिवशी जा आणि तोवर त्याला पळू देऊ नका, जिनेही फार चढायला लावू नका. हे लवकर सापडलं तर शस्त्रक्रियेने हाड जागच्या जागी पक्कं करता येतं. उशिरा सापडलं तर सांध्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

बालरोगतज्ज्ञांकडेही एक फेरी होऊ दे. रक्तदाब, रक्तातली साखर, झोपेत घोरतो का, घोरताना मध्येच श्वास अडकतो का, हे सगळं विचारून घ्या. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखी जाडसर कातडी दिसते का तेही दाखवा. अनेक घरांत ती मळ समजून घासली जाते, मूल रडतं, आणि ती जात नाही, कारण तो मळ नसतोच. शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नसल्याची ती खूण असू शकते.

आता सर्टिफिकेट. डॉक्टरांनी गुडघ्याचं निदान करेपर्यंत सूट जरूर घ्या, तिच्यावर तारीख घाला, आणि ती तारीख संपली की सूटही संपू द्या. कायमची मात्र घेऊ नका. सूट मिळालेली मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. ती मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसतात. सुरुवातीचे दोन आठवडे त्यांना सुटल्यासारखं वाटतं. मग कुणी बाहेर गेलेला चेंडू आणायला सांगतं, कुणी गुण लिहायला बसवतं, आणि वर्ष संपेपर्यंत खेळणं ही दुसऱ्यांची गोष्ट आहे हे त्या मुलाच्या मनात पक्कं होतं. तुमच्या मुलाचं वजन पुढे कमी होईलही. हा समज इतक्या सहज निघत नाही, आणि मला त्याच्या वजनापेक्षा याची जास्त काळजी वाटते.

तुमच्या यजमानांशीही मला थोडं बोलायचं आहे. पत्र त्यांना वाचायला द्याल, या भरवशावर लिहिते. दादा, तुम्ही लहानपणी पळालात आणि बारीक झालात, यावर माझा विश्वास आहे. पण एक हिशोब करून बघा. चाळीस मिनिटांच्या तासातून हजेरी, रांगा, सूचना, साहित्य आणणं-ठेवणं आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणं वजा केलं तर एका मुलाची खरी हालचाल पंधरा मिनिटांच्या वर फारशी जात नाही. मी स्वतः घड्याळ लावून मोजलंय, आणि चांगल्या गेलेल्या तासांनाही. ५८ किलोच्या मुलाच्या त्या पंधरा मिनिटांत साधारण ८० ते ९० कॅलरी खर्च होतात. आठवड्याचे दोन तास मिळून पावणेदोनशेच्या आसपास. अर्ध्या लिटरच्या गोड, फसफसणाऱ्या पेयाच्या बाटलीत साधारण ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे २०० कॅलरी. आठवडाभराची पीटी एका बाटलीत संपते. वरच्या एका जादा फेरीने यात काय फरक पडणार?

शाळांमधल्या व्यायामाच्या कार्यक्रमांवर जगभर झालेले प्रयोग एकत्र करून तपासले गेले आहेत. त्यांतून दिसतं ते असं: मुलांचा दम काहीसा वाढू शकतो. वजनावरचा परिणाम मात्र जवळजवळ नसतो. हे वाचून पीटी निरुपयोगी आहे असं कुणी म्हणेल, पण माझं मत उलटं आहे. हृदय, हाडं, स्नायू, झोप, मनाची उभारी, तोल, चेंडूचा अंदाज, चारजणांत खेळण्याची सवय, हे सगळं पीटी देऊ शकते आणि वजन एक ग्रॅमही कमी झालं नाही तरी देते. आपण तिच्याकडे वजन कमी करण्याचं काम सोपवलं, ते तिच्याच्याने होईना, आणि मग त्याचा राग त्या मुलावर निघाला.

त्या जादा फेरीबद्दल आणखी एक. त्याच्या वर्गातलं एखादं ३६ किलोचं मूल घ्या आणि त्याच्या पाठीवर २२ किलोचं पोतं बांधून त्याला फेऱ्या मारायला लावा. तुमचा मुलगा रोज तेवढंच जास्तीचं वजन घेऊन धावतो. शेवटी येणारा मुलगा आळशी आहे असं मैदानाच्या मधोमध उभं राहिल्यावर वाटतं. त्याच्या नाडीवर बोट ठेवलं तर बहुतेकदा उलटं कळतं. पहिला आलेला मुलगा गप्पा मारत आलेला असतो आणि शेवटच्याने जीव काढलेला असतो. आणि त्यालाच आपण सांगतो, 'तू कमी पळालास, अजून पळ.' व्यायाम शिक्षा म्हणून देऊ नये, हे शारीरिक शिक्षणात पूर्वीपासून सांगितलं जातं, कारण ज्या गोष्टीची शिक्षा होते ती गोष्ट मूल मोठेपणी स्वतःहून करत नाही.

वजनं मोठ्याने वाचण्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतोय. मीही तेच केलंय. वर्षातून दोनदा, काट्याशेजारी उभी राहून, खणखणीत आवाजात. पन्नास मुलं एका तासात उरकायची असत, आणि मला ते नीटनेटकं काम वाटायचं. एका वर्षी एक मुलगी काट्यावर चढण्याआधी थांबली. तिने बूट काढले. मोजे काढले. मग कमरेचा पट्टा, मग केसांतल्या दोन्ही पिना काढून मुठीत धरल्या. मागची रांग हसत होती. मी घड्याळाकडे बघत 'चल लवकर' म्हटलं आणि आकडा वाचला. त्या दोन पिना मला अजून दिसतात. पुढच्या वर्षीपासून मी काटा खोलीत नेला, एकेकीला आत बोलावलं आणि आकडा कागदावर स्वतः लिहिला. त्या मुलीला मात्र ते एक वर्ष उशिराच झालं.

आकडा कळला की घरचे जागे होतात आणि मूल बारीक होतं, असं तेव्हा मला वाटायचं. कॅलिफोर्नियातल्या ७९ शाळांमध्ये हे तपासून पाहिलं गेलं आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शाळेत वजन घेऊन घरी बीएमआयचं (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचं) पत्र पाठवल्याने मुलांच्या वजनात फरक पडला नाही. शाळेत वजन घेतलेल्या मुलांमध्ये स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी मात्र वाढली. मग आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्यावर काय होत असेल?

ताई, आता सरांना भेटा. मुख्याध्यापकांकडे आधी जाऊ नका. सरांना एकट्याला, तास सुटल्यावर गाठा. ते दुष्ट नाहीत असं धरून जा. बहुतेक त्यांना खरंच वाटतंय की ते तुमच्या मुलाचं भलं करतायत, आणि एका शिट्टीवर चाळीस-पन्नास मुलं सांभाळताना कुणाच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते बघायला सवड मिळत नाही. पहिलंच वाक्य असं बोला: 'सर, मला त्याला कायमची सूट नको आहे, तो तुमच्या तासाला राहावा असं वाटतं.' हे ऐकलं की शिक्षकाचे खांदे सैल होतात. तक्रार घेऊन येणारे पालक खूप असतात, तासावर विश्वास ठेवून येणारे फार कमी.

मग मागायचं ते नेमकं मागा. वजन यापुढे एकांतात घ्या आणि कुणाच्या वहीत लिहू नका. जादा फेरी बंद करा. फेऱ्यांऐवजी वेळ द्या: सगळ्यांनी आठ मिनिटं चालत-पळत राहायचं, ज्याला जमेल तेवढं. असं केलं की शेवटी कुणीच येत नाही, कारण शिट्टी झाली की सगळे एकदम थांबतात. किती अंतर झालं ते ज्याचं त्याने लिहायचं आणि पुढच्या महिन्यात स्वतःच्याच आकड्याशी ताडून बघायचं. कप्तानांनी एकेक मूल निवडून संघ पाडणं बंद करा, कारण शेवटी कोण उरतं हे सगळ्या वर्गाला आधीच ठाऊक असतं. आणि जो बाद होतो तो बाहेर बसतो, असे खेळ कमी करा. त्या खेळांत ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज आहे तो पहिल्या मिनिटाला बाहेर पडतो आणि उरलेला वेळ बसून काढतो. पकडापकडीतच बाद झालेल्याने दहा उड्या मारून पुन्हा आत यायचं, एवढा एक नियम बदलला तरी तास वेगळा होतो. हे बदल माझ्या तासात मी केलेत. पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही.

आणखी एक गोष्ट सरांना आवर्जून सांगा, ती त्यांना उपयोगी पडेल. वजनदार मुलं बहुतेकदा ताकदीची असतात. चेंडू लांब फेकणं, गोळाफेक, रस्सीखेच, जोडीदाराला ढकलण्याचे-रोखण्याचे खेळ, यांत ती वर्गातल्या अनेकांना भारी पडतात. पाण्यात शरीर हलकं होतं, म्हणून पोहण्यातही ती रमतात. आपले पीटीचे तास मात्र बहुतेक पळणं, उडी मारणं आणि लटकणं यांनीच भरलेले असतात, म्हणजे जिथे स्वतःचं वजन उचलावं लागतं नेमक्या त्याच गोष्टींनी. गुडघा ठीक निघाला तर महिन्यातून एक तास तरी असा असू दे, जिथे तुमचा मुलगा मागे नसेल.

सरांनी ऐकलं नाही तर मग मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, आणि त्या पत्रात व्यायामाबद्दल काही लिहू नका. मुलाची आरोग्याची माहिती सगळ्यांसमोर वाचली गेली आणि त्यावरून त्याला चिडवलं जातंय, एवढंच लिहा. 'अठ्ठावन्न' हे नाव बंद करणं वर्गशिक्षकांचं काम आहे. ते त्यांना तसं स्पष्ट सांगा. मुलाला 'तू लक्ष देऊ नकोस' म्हणू नका. लक्ष जाणारच.

त्याच्याशी बोलताना वजनाचा विषय तुम्ही काढू नका. फक्त विचारा, 'पीटीच्या तासातला कुठला भाग अगदी नकोसा वाटतो?' उत्तर अनपेक्षित येऊ शकतं. माझ्या अनुभवात कितीतरी मुलांचं उत्तर पळणं हे नव्हतंच. सगळ्यांसमोर कपडे बदलणं हे होतं. पीटीचा गणवेश पोटावर घट्ट बसणं हे होतं. पळताना मांड्या एकमेकींवर घासून सोलवटणं हे होतं, आणि हे तर मुलं आईलाही सांगत नाहीत. आतून मांडीपर्यंत येणारी अंगाबरोबर बसणारी चड्डी आणि एक माप मोठा गणवेश, एवढ्याने काही मुलांची पोटदुखी थांबलेली मी पाहिली आहे.

घरातलं थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल तुम्हाला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ जास्त नीट सांगतील. त्याचा बीएमआय २७ च्या पुढे आहे. या वयाच्या मुलांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे साधारण २३ च्या वर लठ्ठपणा धरतात, तेव्हा काळजी रास्त आहे. पण त्याची उंची अजून बरीच वाढायची आहे. या वयात पुष्कळदा वजन आहे तिथे थांबवणं हेच पहिलं उद्दिष्ट ठेवतात. उंची वाढते तसं प्रमाण आपोआप सुधारत जातं. त्याला उपाशी ठेवू नका, त्याच्यासाठी वेगळं ताट करू नका. जे बदलायचं ते घरातल्या सगळ्यांसाठी बदला, आणि सुरुवात गोड पेयांपासून करा. ती घरात आणायचीच नाहीत, कुणासाठीच नाहीत. झोप या वयात ९ ते १२ तास हवी. फोन रात्री त्याच्या खोलीत नको, तुमच्याही नको. नातेवाईक त्याच्या अंगावरून काही बोलले तर तिथल्या तिथे, त्याच्यासमोर, शांतपणे थांबवा. तुम्ही थांबवलंत हे त्याने बघायला हवं.

पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पीटीच्या दोन तासांत हे बसणं शक्यच नाही, ते घरून यायला हवं. आणि इथे दादा, तुमची खरी गरज आहे. त्याला 'जा, पळून ये' म्हणू नका. संध्याकाळी त्याच्यासोबत निघा. चाला, सायकल चालवा, चेंडू फेका-झेला, त्याला आवडेल ते करा. वजन या शब्दाचा उच्चार न करता. तुम्ही स्वतः जाड मुलगा होतात ना, मग तेव्हा कुणी काय म्हटलं होतं आणि कसं वाटलं होतं, ते त्याला एखाद्या संध्याकाळी चालता चालता सांगा. ही गोष्ट त्याच्या सरांना सांगता येणार नाही, मलाही नाही.

तो एकटा नाही हे तुम्हालाही माहीत असावं म्हणून सांगते. १९९० मध्ये जगातल्या ५ ते १९ वयाच्या मुलांपैकी २ टक्के लठ्ठ होती. २०२२ मध्ये ८ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी. एवढ्या कोटी मुलांनी एकाच पिढीत आळशी व्हायचं ठरवलं असं कसं होईल? त्यांच्याभोवतीचं खाणं बदललं, मैदानं आटली, दिवस बसून जाऊ लागला. आणि ११ ते १७ वयाची ८० टक्क्यांहून जास्त मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत, म्हणजे त्याच्या वर्गातली बारीक मुलंही. त्यांना कुणी जादा फेरी मारायला लावत नाही.

रात्री त्याच्याकडे बघत बसता, असं लिहिलंत. आज रात्री त्याआधी एक काम करा. सरांना दोन ओळींची चिठ्ठी लिहा: 'गुडघा तज्ज्ञांना दाखवतो आहोत. तोपर्यंत पळणं आणि उड्या नकोत, बसून करायचे हातांचे व्यायाम चालतील. तास चुकवू देणार नाही.' चिठ्ठी बंद पाकिटात घाला आणि ती सरांच्या हातात तुम्ही किंवा दादांनी द्या, मुलाकडे देऊ नका. आणि एक्स-रेत काय निघालं ते मला कळवा. मी वाट बघते आहे.